थंडीतला ताप

"बोट द्या पावणं. मुंगी चावल्यागत हुतंय." असं म्हणत ते डाव्या हाताचा तळवा पुढे धरायचे, आणि माणूस नकळत आपला हात त्यात ठेवायचा.

तापाच्या रुग्णांचं रक्त काचेवर घ्यायला दारोदार फिरणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. कोल्हापुरात आमच्याकडे असेच एक होते, त्यांना आम्ही दादा म्हणायचो. ते काचा आणायचे, मी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत त्या तपासायचो. एकदा तालमीतला एक आडदांड पैलवान नुसती सुई बघून भोवळ येऊन लाल मातीत बसला. दादांनी त्याला वारा घातला, आणि तेवढ्यात त्याचं बोटही टोचलं.

पावसाळाभर ते दमून जायचे. म्हणायचे, "थंडी पडली की डास मरत्यात. मग आपल्याला सुट्टी की." पूर्वी तसं व्हायचंही. अलीकडे मात्र दिवाळी सरली तरी पंखे बंद होत नव्हते, पौषातही भिंतींवर डास बसलेले असायचे. दादा तेच म्हणत राहिले.

अशाच एका पौषात त्यांचा मुलगा कबनूरहून घरी आला. तिथं तो यंत्रमागावर कामाला होता. हुडहुडी भरून ताप आला, उतरला, पुन्हा आला. या दिवसांत मलेरिया कुठला, असं दादांनीच बायकोला समजावलं आणि साध्या तापाच्या गोळ्या दिल्या. मुलगा असंबद्ध बोलायला लागला, तेव्हा त्यांनी त्याचं बोट टोचलं.

ती काच त्यांनी माझ्यापुढे ठेवली. एरवी ठेवून निघून जायचे. त्या दिवशी उभे राहिले. काचेवर मलेरिया होता, मेंदूवर जाणारा. कुणाची काच, मी विचारलं.

"पोराची," ते म्हणाले.

मुलगा वाचला नाही.

तेरावं होताच ते कामावर आले. साहेबांनी आणखी रजा घ्यायला सांगितलं.

"घरात बसून काय करू? घरात आता कुणाला ताप न्हाई." एवढं बोलून ते पिशवी उचलून बाहेर पडले. पुढं निवृत्त होईपर्यंत तसेच फिरत राहिले. लोक बोट पुढे करायचे, ते टोचायचे. मुंगीचं ते वाक्य आता नसायचं.

नंतर एकदा दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. पुढच्या खोलीत मुलाच्या कॉटला मच्छरदाणी लावलेली होती, आणि आत वहिनी तांदूळ निवडत बसल्या होत्या. जाळीतूनच त्यांनी माझ्या घरच्यांची चौकशी केली. मी दादांकडे पाहिलं.

"तिथंच असती ती," ते म्हणाले.

चहा त्यांनीच केला. मला कप दिला. मग मच्छरदाणीची कड जराशी उचलून दुसरा कप आत सरकवला, आणि कड पुन्हा गादीखाली नीट खोचली.