कुजबुजणारी गिऱ्हाइकं

घरात तिला सगळे भिंगरी म्हणायचे. चहा उभ्यानं, जेवण उभ्यानं. बसलीच तर एक पाय हलता. घरं-दुकानं विकून देणाऱ्या मालकाकडची नोकरी तिनं तावातावानं सोडली आणि स्वतःच्या हिमतीवर पहिलं मोठं काम धरलं : चर्चचा जुना हॉल. प्रार्थना कधीच नव्या इमारतीत गेल्या होत्या. आत घरं बांधायला नगरपालिकेची हरकत नव्हती, छप्पर धड होतं, समोर रुंद रस्ता. तरी हॉल काही विकला जाईना.

"आजचं गिऱ्हाईक शेवटचं," चर्चचे विश्वस्त काका फोनवर म्हणाले. "नाही जमलं तर तुझ्या जुन्या मालकाकडे देतो. वाईट वाटून घेऊ नकोस हं, पोरी."

वाईट? पुन्हा त्या माणसापुढे मान खाली घालून उभं राहायचं?

दुखणं तिला कळलं होतं, औषध सापडत नव्हतं. कुणीही येवो, दारापर्यंत मोठमोठ्यानं बोलत येई. त्या उंच, निमुळत्या खिडक्यांखाली पाऊल पडलं की आवाज दबे. फोन मुके होत, हात पाठीमागे जात. "इथे... न्हाणीघर?" असं कुजबुजून माणूस स्वतःच ओशाळे. कुजबुजत कुणी भाव करतं का? "कळवतो" म्हणत चोरपावलांनी निघून जाई. आणि मेली ती स्वतःसुद्धा कुजबुजायची!

त्या सकाळी थोरली बहीण ओट्यापाशी ओरडली, "मीठ दे गं!" पलीकडच्या घरातलं कुत्रं भुंकलं. ताईनं उभा जन्म कापडगिरणीत, मागांच्या खडखडाटात काढलेला. कान अर्धे गेलेले, आवाज दुप्पट झालेला. भिंगरीच्या हातात बरणी तशीच राहिली.

"ताई, कपडे बदल. माझ्याबरोबर चल."

"कुठे मरायला?"

"हॉल बघायला."

"मी कुठे घेतेय हॉल?"

शेवटचं गिऱ्हाईक म्हणजे एक बिल्डर; तो बायकोला घेऊन हॉलवर आला. आत शिरला आणि झालं! "छान... शांत आहे," तो पुटपुटला. भिंगरी दारापासून मंचापर्यंत येरझाऱ्या घालू लागली.

"अगं बाई, केवढं हे!" ताईचा आवाज छतावर आदळला. "मंचावर स्वयंपाकघर करा! आणि संडास त्या कोपऱ्यात!"

बिल्डरनं दचकून वर पाहिलं. मग बिल्डरची बायको खो खो हसली.

"कोपऱ्यात? अन् एवढी खिडकी संडासात वाया घालवायची?"

"मग तुम्ही सांगा!"

"सांगते ना! अहो, इकडे या, इथे पोटमाळा टाकला तर?"

"पोटमाळा कसला, अख्खा मजला काढू!" बिल्डर चक्क ओरडला.

तिघं कडाकडा भांडले. भावही भांडूनच ठरला. "उद्या काकांना भेटून पक्कं करतो," म्हणत त्यानं भिंगरीचा हात गदागदा हलवला आणि दोघं भांडतच गाडीत बसले.

हॉल पुन्हा गप्प झाला.

"काय ठरलं?" ताईनं विचारलं.

भिंगरीनं तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. खिडकीतलं ऊन नेमकं संडासाच्या जागी पडलं होतं. तिनं ताईचा दंड धरला, बाहेर काढलं, कुलूप घातलं, ओढून पाहिलं, पुन्हा ओढून पाहिलं. रस्त्याच्या मधोमध गेली आणि मग ओरडली, "विकला गं ताई! हॉल विकला!"

"मग ओरडतेस कशाला?" ताई म्हणाली. "बहिरी आहे का मी?"