आईला वहिनी म्हणताना

आम्ही दोघं भावंडं आईला वहिनी म्हणतो. पुण्याच्या घरात काकांची फौज होती, ते सगळे तिला वहिनी म्हणायचे आणि ते ऐकून आम्हीही तेच म्हणू लागलो. कुणी सुधारलं नाही. 'आई' ही हाक त्या घरात आधीच आजीला गेलेली होती. वडील, काका, आम्ही, अगदी दूधवालासुद्धा तिलाच आई म्हणायचा. माझी पन्नाशी उलटली तरी तोंडात 'वहिनी'च आहे, आणि इतकी वर्षं त्याचं काही वाटलंही नव्हतं.

वहिनी आता माझ्याकडे लंडनजवळ क्रॉयडनला असते. तिचं विसरणं वाढत चाललंय. इंग्रजी तर पारच गेलं. गेल्या हिवाळ्यात ती बाथरूममध्ये पडली, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. वॉर्डातल्या नर्सेस तिला पासपोर्टवरच्या नावाने हाका मारायच्या आणि ही ढिम्म. त्यांचा तरी काय दोष? ते नाव लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने लिहिलं गेलं आणि त्यानंतर घरात कुणी वापरलंच नाही. वडील 'अगं' म्हणायचे, आजी 'सूनबाई' म्हणायची. माहेरचं लाडाचं नाव एकट्या मामाच्या तोंडी उरलं होतं, ते त्याच्याबरोबर गेलं.

"प्रतिसाद देत नाहीत," असं डॉक्टर तिच्यादेखत एकमेकांना सांगायचे. अशीच राहिली तर घरी न पाठवता केअर होममध्ये ठेवावं लागेल, अशी भाषा सुरू झाली. ते ठरवायला सोशल वर्कर येऊन तिची असेसमेंट करणार होती. तिथे हिने पाणी मागितलं तरी कुणाला कळलं नसतं. मला तेवढं एक नको होतं. बाकी काहीही चाललं असतं.

पलंगामागच्या पांढऱ्या बोर्डवर रुग्णाला काय म्हणावं हे लिहायला जागा असते. तिथे मी 'वहिनी' लिहिलं. दुसऱ्या दिवशी सकाळची नर्स "वहिनी, वहिनी" करत आली आणि हिने चक्क डोळे उघडले, पॉरिज खाल्लं, वॉकर धरून उभीही राहिली.

"बघ, अख्ख्या हॉस्पिटलची वहिनी झाली ती!" एडिनबराहून भाऊ फोनवर हसला. "असेसमेंटला मी ऑनलाइन जॉइन व्हायला ट्राय करतो, ओके? यू आर डुइंग ग्रेट."

त्याच्या त्या 'ग्रेट'चा मला संताप आला. पण दिवसभर ऑफिस, मग ट्राम, मग वॉर्ड, मग तिचा डबा. भांडायलासुद्धा अंगात त्राण लागतं. मी बरं म्हणून फोन ठेवला. असेसमेंटला तो आलाच नाही.

सोशल वर्कर समजूतदार बाई होती. घरात जिना आहे का, दिवसा सोबत कोण असेल, सगळं तिने शांतपणे विचारलं. मग माझ्याकडे बोट दाखवत म्हणाली, ही कोण ते यांना विचारा. दुभाषीही मीच.

"वहिनी, मी कोण गं?"

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. प्रश्न तिला फारच सोपा वाटला असावा.

"असं काय विचारता? माझ्या नणंद ना तुम्ही? वन्सं!"

मला रडू नाही आलं, हसूच आलं, फार थकल्यावर येतं तसलं. तिचं काय चुकलं होतं? वहिनी म्हणून हाक मारणारी बाई नणंदच असणार. सोशल वर्कर पेन धरून थांबली होती. मी वाकले आणि जन्मात पहिल्यांदा तिला म्हणाले, "आई."

जीभ अडखळली. दुसऱ्याच्या कपाटाला हात लावल्यासारखं वाटलं.

वहिनी दचकली. तिने दाराकडे बघितलं, ब्लँकेटचं टोक घाईघाईने डोक्यावर ओढून घेतलं आणि माझा हात धरून कुजबुजली, "आल्या का सासूबाई? वन्सं, तुम्ही सांगा ना त्यांना, मला घरी जाऊ द्या म्हणावं."

"काय म्हणाल्या?" सोशल वर्करने विचारलं.

"घरी जायचंय म्हणते."

"आणि तुम्ही कोण, ते?"

"घरातलीच," मी म्हणाले. यात खोटं काही नव्हतं. तिने मान डोलावली आणि लिहून घेतलं.

वहिनी घरी आली. पुढच्या खोलीत तिचा पलंग टाकलाय. भाऊ म्हणतो, तू तिला हळूहळू करेक्ट करत जा, रोज थोडं थोडं सांग. मी एकदोनदा सांगून बघितलं, ती इतकी ओशाळली की मलाच लाज वाटली. वाईट वाटतं, नाही असं नाही. आपल्या आईने आपल्याला अहो-जाहो करावं! पण आयुष्यभर जो जे म्हणेल त्याला तिने ओ दिली, एकदाही कुरकुरली नाही.

रोज सकाळी मी ऑफिसचा लॅपटॉप उघडायच्या आत पुढच्या खोलीतून हाक येते, "अहो वन्सं, चहा घेतलात का?"

मी ओ देते.