रोशनीची कामं

चहा रोशनीने आणला. ट्रेमध्ये तीन कप आणि बशीत एक थेंब सांडलेला नाही. मी तर खूशच झाले.

"बघा मॅडम, हीच ती," मुख्याध्यापक घरत सर म्हणाले. "दिवाळीआधी एका जागी बसत नव्हती. आता वर्गात काडीचा त्रास नाही. तुमचा सल्ला म्हणजे रामबाण!"

मी हसले आणि चहा घेतला. चांगला होता.

मी स्पेशल एज्युकेटर. ज्या मुलांचं शिकताना अडतं, त्यांच्यासाठी शाळेने काय करावं ते सांगायचं, हे माझं काम. राहते डहाणूत, चारोटीवरून तलासरी तालुक्यातल्या शाळांत फिरते. रोशनी पाचवीत होती. तिला एडीएचडी आहे, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. म्हणजे लक्ष टिकत नाही, अंग स्वस्थ बसू देत नाही. अशी मुलं वांड नसतात, बुद्धीनेही कमी नसतात. त्यांना मध्ये मध्ये उठू द्यावं लागतं. त्याला आम्ही मूव्हमेंट ब्रेक म्हणतो. सगळ्यांदेखत नुसतंच उठवलं तर मूल ओशाळतं, म्हणून एखादं बारीकसं काम सांगायचं. खडू आण, डस्टर झटकून ये. दिवाळीआधी वर्गशिक्षिका राऊतबाईंना मी एवढं सांगून गेले होते.

गावची शाळा पाचवीपर्यंतच, आणि पाचवीला आता पुन्हा नापास करतात. पास झाली तर रोशनी चुलत बहिणीबरोबर पुढच्या गावच्या शाळेत जाणार होती. नापास झाली तर आई तिला घरी ठेवणार होती, धाकट्या भावाला सांभाळायला. आई चिकूच्या वाडीत मजुरीला जाते, पोराला कोणाकडे टाकणार?

चहा झाल्यावर मी रोशनीला जवळ बसवलं. "आज काय काय केलंस गं?"

"टाकीचा नळ बंद केला. घंटा दिली. खिचडीचे तांदूळ निवडले, ताटं मांडली. बाईंचा डबा गरम केला. मग तुमचा चहा." फुशारकीने सांगत होती बिचारी.

"आणि गणितात?"

ती दाराकडे बघायला लागली. मी कागदावर एक सोपा भागाकार घातला. दिवाळीआधी ती निम्मा तरी करायची. आता सुरुवात कुठून करायची, तेही आठवेना.

"बाई, ही वर्गात बसते तरी कधी?" मी शेजारी चहा घेत बसलेल्या राऊतबाईंना विचारलं.

"अहो, तुम्हीच म्हणालात ना, बसवून ठेवू नका, कामं सांगा? चौथी-पाचवी एकाच खोलीत आहे माझ्याकडे. ही बाहेर असली की बाकीची तरी शिकतात."

खोटं काय बोलत होत्या त्या?

तेवढ्यात रोशनीची आई आली. मीच निरोप धाडून बोलावलं होतं, लेकीचं कौतुक सांगायला! आता कुठल्या तोंडाने बोलणार? पण जे घडलं ते सगळं सांगितलं.

तिने शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाली, "मॅडम, पोर कामाची हाय ते मला ठावं हाय. एवढीशी होती तवापासून पाणी भरते. त्याला शाळा कशाला? आमचे घरी काय काम कमी हाय?"

आवाजही चढवला नाही तिने. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

परतताना बसमध्ये डहाणूचा एक मुलगा आठवला. इंग्लिश मीडियमचा, वडिलांचं कापडाचं दुकान. त्याच्यासाठीही मी हाच सल्ला दिला होता, याच शब्दांत. तिथे तो शेजारच्या वर्गात चिठ्ठी देतो आणि परत जागेवर येऊन बसतो. त्याने माझ्यापुढे चहा आणून ठेवला असता, तर मी ताडकन विचारलं असतं, हा इथे काय करतोय? रोशनीने आणला, तर मी वर खूश झाले. राऊतबाईंना काय नावं ठेवायची? शेण मीही खाल्लं होतं. आदिवासी पाड्यावरची पोर राबताना दिसली की आपल्याला काही खटकतच नाही. हे लिहितानाही लाज वाटते.

पुढच्या आठवड्यापासून मी रोशनीच्या शेजारी बसायला लागले. दोन गणितं, मग डस्टर झटकणं, मग लगेच जागेवर. पान मोठं वाटू नये म्हणून खालचं अर्धं झाकायचं. राऊतबाईंनी आधी तोंड वाकडं केलं, पण नंतर मी नसतानाही त्या हे करायच्या. रोशनी मात्र रुसली. घंटेचं काम दुसऱ्याला दिल्यावर तिने विचारलं, "मी काय चुकले?" मी तिच्यापुढे पुढचं गणित सरकवलं.

वार्षिक परीक्षेत ती नापास झाली. फेरपरीक्षेत मराठी सुटलं, गणित राहिलं. चुलत बहीण पुढच्या शाळेत गेली, रोशनी पाचवीतच राहिली. आई तिला काढूनच घेणार होती. मी घरी जाऊन हात जोडले. "अजून एक वर्ष बघते," ती म्हणाली. "पण हातात झाडू दिसला, तर त्याच दिवशी घेऊन जाईन."

आता शाळेला सल्ला देताना मी एक वाक्य जास्त सांगते: काम झालं की मूल लगेच जागेवर परत आलं पाहिजे. डहाणूच्या त्या शाळेत ते कधी सांगावं लागलं नव्हतं.