दिल्लीचा अभ्यास आणि आत्याचं माहेरचं नाव

मी मूळचा चिखलीचा. कॉलेजातून दिल्लीला एका सरकारी कचेरीत शिकाऊ म्हणून गेलो, तेव्हा आम्हा पोरांना संध्याकाळी वर्गही असे. देश नुकताच स्वतंत्र झालेला, पहिल्या निवडणुकीच्या याद्या चाललेल्या. सरांनी सुट्टीचा अभ्यास दिला, "आपापल्या मुलखात जा. बायकांची नावं यादीत कशी चढतात ते पाहून लिहा. 'अमक्याची बायको', 'तमक्याची आई' चालणार नाही. तशी नावं कापली जातील."

मी रोहिणखेड निवडलं. तिथं माझी आत्या होती.

दिल्लीहून भुसावळ आणि पुढे मलकापूरपर्यंत आगगाडी. पाणी सोबत घ्या बरं, वाटेत हाल होतात. मलकापूरची मोटार भरल्याशिवाय हलत नाही; ड्रायव्हरशेजारची जागा मिळाली तर धूळ कमी खाल, पैसे मात्र थोडे जास्त पडतात. मोताळ्यापासून पुढे बैलगाडी. दोन्हीकडे फुटलेला कापूस, आणि हाडं पार खिळखिळी! गावातल्या जुन्या मशिदीच्या सावलीत घटकाभर टेकलो तेव्हा कुठं जीवात जीव आला.

आत्यानं गरम भाकर, वरण, ठेचा वाढला. "दिल्लीत खायाले भेटते का नाई रे? किती वाळला!"

दुपारी शाळेचे गुरुजी यादी घेऊन ओसरीवर आले. "बाई, नाव सांगा."

"गोदा," आत्या म्हणाली.

तिचा मुलगा नामदेवदादा चमकला. "माय, गोदा कोन? तुहं नाव सरस्वती!"

"ते तुह्या बापाच्या घरचं. लग्नात ठेवलेलं. माह्या बापानं गोदा ठेवलं होतं."

"शेताच्या कागदावर सरस्वती हाये. उद्या कोनी हरकत घेतली तं?"

"मत मले हाये का शेताले?"

गुरुजींनी टाक खाली ठेवला आणि सगळे माझ्याकडे बघू लागले. मी दिल्लीचा ना! पण खोटा धीर देववेना.

"आत्या, गोदा लिहिलं आन् कागदाशी पटलं नाई, तं नाव कापतीन. मत जाईन."

"आन् सरस्वती लिहिलं तं?"

"मत पक्कं."

तिनं खाली ठेवलेला टाक उचलून गुरुजींच्या हाती दिला. मग म्हणाली, "सरस्वती लिहा गुरुजी. मत पाह्यजे मले."

निघताना ती बैलगाडीपाशी आली. "तुहा बाप होता तोवर गोदे म्हनून हाक मारे. आता कोनी नाई राह्यलं. तू मार बरं एकदा."

मोठ्या माणसाला नुसत्या नावानं कशी हाक मारायची? जीभच उचलेना. शेवटी कसंबसं म्हणालो, "गोदाआत्या!"

"हाव," ती म्हणाली आणि पदर तोंडाशी नेऊन घरात गेली. मला रडू आवरलं नाही. गाडीवानानं बैल हाकले.

पुढे मी कितीतरी गावं हिंडलो. त्या वाटेवरची धूळ, तो ठेचा आठवतो. पण माझ्यासोबत राहिला तो तिचा हुंकार.

त्या सुट्टीनंतर दिल्लीत परतलो तेव्हा वर्गात सरांनी विचारलं, "तू गेलास त्या गावात स्वतःच्या नावावाचून राहिलेली बाई आहे का कुणी?"

"एक आहे सर," मी म्हणालो. "तिचं नाव यादीत आहे."