शिंगांचं तेल

माझी मोटरसायकल पुढच्या दोन्ही पायांतून गळायची. मिलिटरीनं लिलावात काढलेली आणि माझ्याआधी दोन मालकांनी वापरून सोडलेली ती विलायती गाडी होती. अकोल्याच्या आमच्या ऑफिसात मोटरसायकल फक्त माझ्याकडे होती. साठीचं दशक नुकतंच लागलं होतं, साहेबसुद्धा सायकलवर यायचे. त्यामुळे माझ्या डोक्यात चाकातल्यापेक्षा जास्त हवा होती.

पुढच्या चाकाच्या दोन्ही बाजूंना जाड नळ्या असतात आणि त्यांच्या आत स्प्रिंग आणि तेल. खड्डा आला की नळीत नळी शिरते आणि तेल धक्का पिऊन टाकतं. ते बाहेर येऊ नये म्हणून तोंडाशी रबराचं कडं बसवतात, त्याला सील म्हणतात. माझी दोन्ही सीलं झिजून गेली होती. दर्यापूरच्या रस्त्यावरचा प्रत्येक खड्डा थेट माझ्या दातांत वाजायचा. पॅन्टवर तेलाचे ठिपके मिरवत मी ऑफिसात शिरायचो आणि कुणी विचारलं तर यंत्रशास्त्रावर व्याख्यान द्यायचो.

अकोल्यात चांगले मिस्त्री होते. पण इंटर सायन्स झालेल्या माणसानं आपली गाडी दुसऱ्याच्या हाती कशी द्यावी? मी सीलं मुंबईहून मागवली, तेलाची बाटली घेतली, चित्रांचं एक इंग्रजी पुस्तक कुणाकडून तरी मिळवलं आणि पोळ्याच्या आदल्या सकाळी गावी हजर झालो. आमचं गाव अंजनगाव सुर्जीच्या अलीकडे. दुपारपर्यंत काम उरकून संध्याकाळी परत निघायचं, असा बेत होता. गाडी घेतल्यापासून माझं हे असंच चालायचं. पूर्वी एसटीनं यायचो तेव्हा मुक्काम करावाच लागे. आता घरी येऊन चहा प्यायचा, आईच्या हातचं काहीतरी डब्यात घ्यायचं आणि धूळ उडवत निघायचं. त्याला मी प्रगती म्हणायचो.

दारातच आईनं मला बाजूला घेतलं. बाबा दोन दिवस कुणाशी बोलले नव्हते आणि उद्या पोळ्यात जाणार नाही म्हणत होते. आमच्या जोडीतला एक बैल उन्हाळ्यात म्हातारपणानं गेला. दुसरा एकटा दावणीला हंबरायचा, चारा सोडायचा, म्हणून बाबांनी त्याला माझ्या बहिणीच्या गावी पाठवलं. स्वतःचे गुडघेही साथ देईनात, तेव्हा वावर पुतण्याला वाहायला दिलं. जन्मभर ज्यांनी आपली जोडी गावाच्या तोरणाखाली नेली त्यांच्या घरी यंदा दावण रिकामी होती. हा माणूस पोळ्याला घरात बसला तर पुन्हा खाटेवरून उठायचा नाही, अशी आईला धास्ती होती. तुमी शिकलेले लोकं, काई तरी सांगा त्याईले, असं ती म्हणाली. मी होकार दिला आणि शिकलेल्या माणसाप्रमाणे आधी स्वतःचं काम काढलं.

गाडीचं पुढचं चाक उचलून धरायला काही आधार मिळेना. बाबा खाटेवरून बघत होते. थोड्या वेळानं ते उठले आणि बैलबंडी उभी करताना जुवाखाली द्यायचं लाकूड घेऊन आले. ते इंजिनाखाली नेमकं बसलं. मग ते गुडघे सांभाळत तिथंच बसले आणि मी पुस्तकाचं पान धरायला त्यांना दिलं. त्यांनी ते उलटं धरलं आणि मलाही ते बराच वेळ लक्षात आलं नाही, यावरून माझ्या अभ्यासाची कल्पना यावी.

नवी सीलं एका बाजूनं सपाट आणि दुसऱ्या बाजूनं पोकळ होती. पोकळ बाजू वर ठेवायची की खाली, हे चित्रात कळत नव्हतं. मी विचार केला, वाटीत काही साठवायचं तर वाटी सुलटी ठेवतात, पालथी नाही. म्हणून मी पोकळ बाजू वर ठेवून दोन्ही सीलं ठोकून बसवली. तेल खालून वर येतं, वरून खाली पडत नाही, एवढी साधी गोष्ट इंटर सायन्सच्या डोक्यात आली नाही. शेवटी एक वायसर उरलं. बाबांनी ते उचलून दाखवलं. ते जास्तीचं असतं म्हणून मी खिशात टाकलं.

मग हे तेल किती महत्त्वाचं, ते विलायतेत कसं पारखून भरतात, हे मी बाबांना हातवारे करून समजावू लागलो. त्या हातवाऱ्यांत कोपर लागून बाटली कलंडली आणि ते सगळं महत्त्व अंगणातल्या काळ्या मातीत मुरलं. गाव सोडाच, अंजनगावातही दुसरं मिळणार नव्हतं. माझा त्या दिवशीचा परतीचा बेत तिथंच संपला.

बाबा आत गेले आणि एक बाटली घेऊन आले. घाण्यावरून आणलेलं जवसाचं तेल होतं. दरवर्षी पोळ्याला ते हेच तेल बैलांच्या शिंगांना चोळायचे आणि मग रंग द्यायचे. हे त्यांनी उन्हाळ्याआधीच आणून ठेवलं होतं.

"शिंगांसाठी ठेवलं होतं," ते म्हणाले. "यंदा शिंगं नाईत घरात. तुह्या गाडीले घाल."

जवसाचं तेल सुकून घट्ट होतं, रंगारी ते त्यासाठीच वापरतात, हे मला माहीत होतं, नेमकं आठवलंही. पण ती बाटली आत परत न्या, असं माझ्यानं म्हणवेना. मी दोन्ही नळ्यांत तेल ओतलं आणि सगळं पुन्हा जोडेपर्यंत दिवस कलला. महिन्या-दोन महिन्यांत आत त्याचा डिंक झाला, पुढचे पाय काठीसारखे ताठ झाले आणि अकोल्याच्या मिस्त्रीला नळ्या तापवून तो खरवडावा लागला. हे कुणाचं डोकं, असं त्यानं विचारलं. माझंच, म्हणून सांगितलं.

गावात संध्याकाळी खांदशेकणी सुरू झाली. पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांना धुऊन, पळसाच्या पानानं त्यांच्या खांद्यांना हळद-तूप चोळतात आणि दुसऱ्या दिवशीच्या जेवणाचं आमंत्रण देतात. घराघरांतून ते आवाज येऊ लागले तसे बाबा बेचैन झाले. मग वाटीत हळद-तूप कालवून ते अंगणात आले. गाडीच्या त्या दोन नळ्यांना वरून खालपर्यंत त्यांनी पानानं चोळलं आणि दरवर्षीच्याच आवाजात म्हणाले, "आज आवतन घ्या, उद्या जेवाले या."

मला हसू येईल असं वाटलं होतं. पण मी मान खाली घालून उगाच पाना शोधत बसलो.

दुसऱ्या दिवशी बाबांनी दाढी केली, धुतलेला पटका बांधला आणि गाडीच्या हँडलला नवी वेसण बांधली. आई दारात तोंडाला पदर लावून उभी राहिली. मी गाडी सुरू करायला गेलो तर बाबांनी अडवलं, म्हणाले, बैलं बुजतील. म्हणजे ती अवजड गाडी मी मागून ढकलायची होती. पुढे दोर धरून बाबा ताठ चालत होते. मागे इस्त्रीच्या पॅन्टमध्ये चिखलात घोट्यापर्यंत रुतलेला अकोल्याचा बाबू होता. सगळं गाव बैल सोडून मलाच पाहत होतं.

तोरणापाशी बाबांच्या वयाचे एक शेतकरी आमच्या गाडीजवळ आले. नवं जनावर निरखावं तसं त्यांनी तिला पुढून मागून न्याहाळलं आणि बैलाचं वय विचारावं तसं अगदी गंभीरपणे विचारलं, "किती दाती हाय हा?"

तोवर माझ्या उलट्या सीलांनी आपलं काम केलं होतं. दोन्ही नळ्यांवरून जवसाचं तेल चाकापर्यंत ओघळत होतं. बाबांनी खाली वाकून पाहिलं.

"दात पाहू देत नाई," ते म्हणाले. "पण लाळ लय गळते."

तोरणाखालची माणसं हसली आणि बाबाही हसले. उन्हाळ्यानंतर त्यांना हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं. माझ्या कारागिरीचा त्याहून चांगला उपयोग पुढे कधी झाला नाही.

तोरण तुटलं, पोळा फुटला. घरी आल्यावर आईनं गाडीला ओवाळलं. मी पाय धुतले, बूट चढवले आणि निघायच्या तयारीला लागलो. सकाळी ऑफिस होतं. बाबा गाडीच्या पुढ्यात येऊन उभे राहिले. वेसण अजून त्यांच्याच हातात होती.

"पोळ्याच्या दिवशी जुपत नसतात," ते म्हणाले. "आज राह्य."

काल मला गाडीनं अडवलं होतं. आज बाबा अडवत होते, आणि त्यांनी मला राहा म्हटल्याचं मला त्याआधीचं आठवत नव्हतं. मी बूट काढले. बाबांनी गळत्या चाकाखाली घमेलं सरकवलं, दोर दावणीच्या खुंट्याला बांधला आणि पाटावर माझ्या शेजारी येऊन बसले.

आईनं पुरणपोळी वाढली. आवतन गाडीला होतं, जेवलो मी.