मावशीच्या चुकीची नोंद

इस्पितळात तिला नावाने कोणी ओळखत नव्हतं. ऑपरेशनची हत्यारं धुऊन, पुसून, कापडात बांधून वाफेच्या यंत्रात घालणारी ती मावशी. अठरा वर्षं हेच काम, आणि अठरा वर्षं हंगामी. आता कुठे तिला कायम करायचा कागद मोठ्या डॉक्टरांच्या टेबलावर सहीला पोचला होता.

तिची बांधणी अशी की सिस्टरने एक टोक ओढावं आणि गाठोडं एका हाताने उघडावं. यंत्राशी ती सवतीसारखी बोलायची. "तापतेस की नुसती फुसफुसतेस, बये?"

तीन महिन्यांपूर्वी कामाचा दर्जा बघायला एक नवी मॅडम आली. तिने प्रत्येक खात्यात एक वही टांगली. ज्याची चूक त्याने लिहायची, शिक्षा नाही. सगळ्यांनी माना डोलावल्या. वह्या कोऱ्याच राहिल्या. "आपल्याच पायावर धोंडा कोण पाडून घेईल?" वॉर्डातले मामा म्हणायचे. मोठे डॉक्टर मात्र खूश. "कोरी वही म्हणजे चोख काम!"

त्या सकाळी गाठोडी वर गेली आणि मावशी पट्ट्या चिकटवायला बसली. प्रत्येक खेपेत एक कागदी पट्टी घालतात. वाफ पुरेशी लागली की तिच्यावरच्या रेघा काळ्या होतात. झालेल्या पट्ट्या मावशी खिशात साठवायची आणि सवडीने एकदम रजिस्टरात चिकटवायची. आज एक कमी भरली. शोधली तर ती यंत्रातच पडलेली. रेघा अजून फिक्या.

म्हणजे सकाळी तिने खिशातली कालची काळी पट्टी बघून हत्यारं सोडली होती.

गाठोडी पोचवून खाली आलेल्या मामांना तिने दारातच अडवलं.

"मामा, वरची गाठोडी उघडली का?"

"एक उघडतायत. बाकीची गुपचूप आणतो मी. एकाने काय होतंय? सही व्हायचीय तुझी, खुळे!"

"टेबलावर माणूस आहे, मामा."

तीन जिने ती धावत चढली. ऑपरेशनच्या खोलीच्या दारावर तिने दोन्ही हातांनी थापा मारल्या. मोठे डॉक्टर हात धुऊन तयार होते.

"थांबा साहेब. हत्यारं कच्ची आहेत. चूक माझी."

"कच्ची? अहो, पेशंटला भूल द्यायची वेळ झाली! अठरा वर्षं केलंत काय?"

मावशी खाली आली. शेजारच्या यंत्रात सगळं पुन्हा लावलं. ऑपरेशन दोन तास उशिरा झालं, पण नीट झालं. मग तिने वही काढली. 'मी कालची पट्टी बघितली. पट्ट्या खिशात ठेवू नयेत. यंत्राच्या दाराचं रबर झिजलंय, वाफ निसटते, दोनदा सांगितलं होतं.' शेवटचं वाक्य तिने खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

दुपारी तिला बोलावणं आलं. वही मॅडमच्या हातातून मोठ्या डॉक्टरांकडे गेली. त्यांनी दोनदा वाचलं.

"रबराचं कोणाला सांगितलं होतं?"

"तुम्हालाच, साहेब. जिन्यात."

कागद घेऊन बाजूला उभे असलेले हेडक्लार्क खाकरले. "मग कायमचा कागद मागे ठेवू ना, साहेब?"

"का? उद्या दारावर थापा कोण मारणार? तुम्ही?"

त्यांनी कागदावर सही केली. मग वही ओढून मावशीच्या ओळींखाली लिहिलं, 'मला सांगितलं होतं. मी विसरलो.'

मावशी कागदाकडे न बघता वहीत वाकली. "मॅडम, साहेबांचं हे अक्षर लागतंय का हो तुम्हाला?"