सुनेचं माहेर

कळंबच्या सरकारी दवाखान्यात, बाळंतपणाच्या खोलीत, धुरपदाबाईंनी आया म्हणून उभी हयात काढली. आठवडी बाजारात अजूनही एखादा मिशाळ गडी आडवा यायचा, पाया पडायचा आणि विचारायचा, "मावशी, वळखलं का?"

"कसं वळखू बाबा," धुरपदाबाई म्हणायच्या, "तवा तुला मिशा न्हवत्या."

नवरा ऐन तरुणपणी गेला. इंद्रजित हा एकुलता एक लेक त्यांनी एकटीनं वाढवला. नोकरी संपल्यावर गावाच्या कडेला असलेल्या ख्रिस्ती मंडळीच्या छोट्या देवळाची झाडलोट त्यांनी आपण होऊन अंगावर घेतली. वेदीवरचं कापड धुणं, समया घासणं, सगळं त्याच बघत. नाताळ जवळ आला की बाईंच्या अंगात वारं संचारायचं. भिंतींना चुना, दारात कागदी चांदणी, डबे भरून करंज्या. मंडळीतले लोक हसून म्हणायचे, "प्रभू आला तर आधी धुरपदाबाईंच्या घरी चहा घेईल, मग देवळात येईल."

इंद्रजितचं लग्न निकिताशी झालं. पोर आईबापाविना चुलत्याच्या घरी वाढलेली, कामाला चलाख, बोलायला कमी. वर्षभर घर हसत होतं. मग इंद्रजितला कावीळ झाली. आज उतरेल, उद्या उतरेल म्हणेपर्यंत तो गेला. सासू-सुना एका खोलीत, एकमेकींच्या उशाला रडत राहिल्या. अशी दोन वर्षं गेली आणि एके दिवशी निकितानं भाकरी थापता थापता, वर न बघता सांगितलं, "आत्या, येरमाळ्याच्या युवराजनं मला मागणी घातलीय. आपल्याच समाजाचाय. हायवेवर त्याचं ट्रॅक्टर दुरुस्तीचं दुकान हाय. म्या हो म्हणणार हाय."

धुरपदाबाईंच्या तोंडून निघून गेलं, "माझ्या लेकाची माती अजून वाळली न्हाय. जायचं तर जा. पण ह्या घराचा उंबरा परत चढू नगंस."

निकितानं भाकरी तव्यावर टाकली, भाजली, सासूच्या ताटात वाढली आणि मग आपली पिशवी भरली. लग्नाला धुरपदाबाई गेल्या नाहीत.

यंदा नाताळाआधीच्या आगमनकाळाची पहिली प्रार्थनासभा त्यांच्याच घरी होती. देवळाचे नवे पाळक तरुण होते, फटफटीवरून गावोगाव फिरायचे. त्यांनी लांबलचक प्रवचन केलं नाही. म्हणाले, "नाताळाला घर आवरता, तसं मनही आवरा. आता थोडा वेळ गप्प बसू. ज्या माणसाचं नाव प्रार्थनेत घ्यायला तुमची जीभ वळत नाही, ते नाव आज प्रभूपुढं घ्या. मोठ्यानं नको. मनात."

सगळ्यांनी डोळे मिटले. धुरपदाबाईंना नाव शोधावं लागलं नाही, ते दारातच उभं होतं. त्यांनी डोळे उघडले आणि पाळकांकडं रागानं बघितलं. कालचं पोर, आणि आपल्याला मन आवरायला सांगतंय! सभा संपल्यावर त्यांनी सगळ्यांना चहा दिला, पण पाळकांच्या कपात साखर घालायची राहिली. मुद्दाम राहिली की चुकून, ते त्यांनाही सांगता आलं नसतं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चुना कालवला. भिंतीवर कुंचला जोरजोरानं फिरवत असताना शेजारची दैवशाला आली. ती मंडळीतलीच, सगळ्या गावची बातमी जिभेवर असणारी.

"कळलं का? निकिताला आठवा लागलाय. पाय लई सुजलेत म्हणं. चुलतीनं बाळंतपणाला न्यायचं साफ न्हाय म्हणलं. तिकडं सासूबी न्हाय." मग आवाज खाली आणून ती म्हणाली, "मेलेल्या नवऱ्याला टाकून गेली. आता भोग म्हणावं."

धुरपदाबाईंचा कुंचला थांबला. हेच वाक्य, अगदी ह्याच शब्दांत, त्यांनी स्वतः किती वेळा मनात घोळवलं होतं. दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना मात्र त्याला नासलेल्या दुधासारखा वास आला.

"दैवशाला, घरी जा," त्या म्हणाल्या. "मला काम हाय."

पण काम पुढं सरकलं नाही. अर्धी भिंत पांढरी, अर्धी तशीच. त्या पाटावर बसून राहिल्या. बाळंतपणाच्या खोलीत सोबत कुणी नसलेल्या बाया यायच्या. कुणी ऊसतोडीच्या टोळीतली, कुणी नवऱ्यानं हाकललेली. कळ आली की त्या धुरपदाबाईंचं मनगट आवळायच्या, वळ उठायचे. एकीलाही त्यांनी कधी विचारलं नव्हतं की तू चांगली की वाईट, हे लेकरू कुणाचं. हात तेवढा दिला होता. मग हिच्याच वेळी हात का आखडला?

"प्रभू," त्या पुटपुटल्या, "निकिता..." पुढं शब्द आले नाहीत. नाव मात्र तोंडून निघालं होतं.

सकाळच्या एसटीनं त्या येरमाळ्याला उतरल्या. दुकानात युवराज ग्रीसनं माखलेल्या हातांनी इंजिन खोलून बसला होता. त्यांना बघून तो गडबडून उठला, हात कुठं पुसावेत ते त्याला कळेना. दुकानाच्या मागंच घर होतं. निकिता खाटेवर बसली होती, चेहरा फुगलेला, पाय जड झालेले.

"बाळंतपणाला न्यायला आले," धुरपदाबाई उभ्या उभ्याच म्हणाल्या.

निकिता जागची हलली नाही. "तुमीच म्हणला होता, उंबरा चढू नको."

"म्हणले होते."

"मग न्हाय येणार म्या."

धुरपदाबाईंनी आणलेली करंज्यांची पिशवी खाटेजवळ ठेवली आणि त्या परत फिरल्या. एसटीत खिडकीशी बसून त्यांना वाटलं, केलं आपलं काम, आता तिची मर्जी. पण मन काही हलकं झालं नाही. आपण क्षमा मागायला गेलो होतो की उपकार करायला? कळंबचा थांबा येईपर्यंत त्याचं उत्तर त्यांना लख्ख कळलं, आणि लाज वाटली.

दोन दिवसांनी त्या पुन्हा गेल्या. ह्या वेळी न्यायचा विषय काढला नाही. पदर खोचला, खरकटी भांडी घासली, भाकरी टाकल्या. मग तेल कोमट करून खाटेच्या पायथ्याशी बसल्या आणि निकिताचे पाय मांडीवर घेतले.

"आत्या, नका," ती पाय ओढू लागली.

"ऱ्हाऊ दे. तुला घालवताना म्या वंगाळ बोलले. तू काय गुन्हा केला नव्हता. माझंच काळीज फाटलं होतं, ते म्या तुझ्यावर फेकलं. मला माफ कर, पोरी."

निकिताचा बांध फुटला. "म्या इंद्रजितला इसरले न्हाय, आत्या. रोज याद येती."

"मला ठावं हाय. अन् एखाद्या दिवशी न्हाय आली, तरी ते पाप न्हवं."

त्या संध्याकाळी युवराजनं स्वतःहून जीप काढली. डॉक्टरांनी निकिताला पडून राहायला सांगितलंच होतं. कळंबच्या घरात निकिता अर्ध्या पांढऱ्या भिंतीकडं बघून म्हणाली, "ह्या वर्षी रंग ऱ्हायला व्हय?"

"ऱ्हायला. ऱ्हाऊ दे."

चांदणीही माळ्यावरच राहिली. देवळाच्या झाडलोटीला मंडळीतल्या पोरी गेल्या, कारण धुरपदाबाईंना निकिताचं बिनमिठाचं जेवण आणि औषधं बघायची होती. दैवशाला एकदा कुंपणापाशी थबकून म्हणाली, "आगं, दुसऱ्याचं लेकरू ते. तुझ्या वंशाचं थोडंच हाय?"

"आजवर माझ्या हातावर आलेलं एकबी माझ्या वंशाचं नव्हतं," धुरपदाबाई म्हणाल्या. "आत ये, तिच्याजवळ घटकाभर बस. म्या दूध आणते." दैवशाला क्षणभर घुटमळली, पण आत गेली.

नाताळच्या सकाळी युवराज आला आणि तिघं उपासनेला गेली. निकितासाठी कुणीतरी खुर्ची आणून ठेवली. धुरपदाबाईंना वाटत आलं होतं, मन तयार झालं की ते सारवलेल्या अंगणासारखं स्वच्छ दिसेल. तसं काही झालं नाही. गीत सुरू झालं आणि इंद्रजितची आठवण उफाळून आली, त्याचा भसाडा आवाज, शेवटची ओळ लांबवायची त्याची खोड. त्या रडल्या. पण दुःखात आता तो जुना कडूपणा नव्हता. लेकाचं नाव घेतलं, मग सुनेचं, मग युवराजचं, आणि तिन्ही नावं एका दमात निघाली. बाहेर पडताना त्यांनी पाळकांना जेवायला बोलावलं.

जानेवारीत, ज्या दवाखान्यात धुरपदाबाईंची नोकरी झाली तिथंच, निकिताला मुलगी झाली. रक्तदाब वाढल्यानं डॉक्टरांची धावपळ झाली, पण दोघी सुखरूप राहिल्या. युवराज लेकीला घ्यायला घाबरत होता. धुरपदाबाईंनी त्याचे हात साबणानं दोनदा धुवायला लावले आणि मग मान कशी धरायची ते दाखवलं.

सव्वा महिना त्यांनी लेकराला न्हाऊमाखू घातलं, निकिताला शेक दिला, डिंकाचे लाडू खाऊ घातले. निघायच्या दिवशी ओटी भरून, नवं लुगडं देऊन त्या तिला जीपपर्यंत सोडायला गेल्या.

"उन्हाळ्यात येते, आत्या," निकिता म्हणाली.

"ये की. माहेराला यायला इचारायचं असतं व्हय?"

जीप वळणाआड गेली. धुरपदाबाई घरी आल्या, बाळाची दुपटी धुवायला घेतली आणि ती दोरीवर वाळत घालताना कुणी नसलेल्या घरात मोठ्यानं गाऊ लागल्या.